कोरा पुठ्ठा

बाबांचे सात अल्बम घरात आल्यापासून तिला घर अपुरं पडू लागलं होतं. खरं तर अल्बम होते एका ट्रंकेत आणि ट्रंक होती पलंगाखाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण छोटी नुकती रांगायला लागली होती, आणि घरात एवढी मोकळी जमीन असताना तिला नेमकं त्या ट्रंकेपाशीच जाऊन कडी वाजवायची असे. कडी वाजली की ती हातातलं काम टाकून छोटीला उचलून आणायची. शेवटी नवरा म्हणाला, एक तर ती ट्रंक उघड, नाहीतर देऊन टाक, पण रोज तिच्यावर निजून तिच्याकडेच पाठ करू नकोस. मग तिनं मंडळाच्या कंपाउंडरकाकांना फोन केला.

मंडळ म्हणजे टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या माडीवर पंधरा-वीस माणसं जमत, लांब टेबलांवर वह्या उघडत आणि दुपारपर्यंत एकमेकांकडची डबल तिकिटं बदलून घेत. बाबा तिथे तीस वर्षं जात होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून मंडळात त्यांचं नाव पडलं घड्याळजी. कंपाउंडरकाका त्यांचे जिगरी दोस्त. आयुष्यभर एका दवाखान्यात पुड्या बांधून आता निवृत्त झालेले, आणि बोलायला लागले की समोरच्याचा ताप उतरेपर्यंत थांबत नसत.

मंडळात एक रीत होती. सभासद गेला की एका रविवारी त्याचे अल्बम मधल्या टेबलावर मांडायचे. प्रत्येकानं त्यातलं एक तिकीट मागून घ्यायचं आणि रिकाम्या झालेल्या जागी आपल्याकडचं एक द्यायचं. काढायचं आणि लावायचं ते मात्र घरच्या माणसाच्या हातानं. मग अल्बम परत घरी. ही रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती, पण तिनं फोनवर सांगून टाकलं, की परत-बिरत काही नको, सगळं तुम्हीच ठेवा. काका म्हणाले, आधी ये तर खरी.

तिला त्या वह्यांचा राग होता आणि तो आजचा नव्हता.

आई शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होती. आत एका वेळी एकालाच सोडत. त्या दिवशी दुपारी पाळी तिची होती. आई गेली तेव्हा आईचा हात तिच्या हातात होता. ती बाहेर आली, तर बाकावर बाबा मांडीवर एक छोटी वही घेऊन बसलेले, हातात चिमटा. एक तिकीट उचलायचे आणि पुन्हा तिथेच ठेवायचे. तिचा तोल गेला. आत्या होती, नवरा होता, दोन परकी माणसं होती. कुणाचीही भीडभाड न ठेवता ती म्हणाली, “ठेवा आता ते. आई गेली. तुमची तिकिटं शाबूत आहेत ना, मग झालं.”

बाबांनी चिमटा खिशात घातला. बोलले काहीच नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आधी तिला वाटलं, आठवड्याभरात त्यांचा फोन येईल. मग वाटलं, आपणच करू. मग इतके दिवस उलटले की फोन लावून सुरुवात कुठून करायची हेच कळेना. आत्या दोन्हीकडचं वर्तमान इकडून तिकडे पोचवायची, तेवढंच. दीड वर्ष असं गेलं.

छोटीच्या वेळचा सातवा महिना लागला तेव्हा मात्र तिला राहवेना. फोनवर आपल्याला रडू येईल आणि पलीकडे बाबा नुसते ऐकत राहतील, या धास्तीनं तिनं पत्र लिहायचं ठरवलं. आणि लिहायचंच तर बाबांना आवडेल असं. त्या आठवड्यात दीपगृहाचं नवं तिकीट निघणार होतं. नवं तिकीट ज्या दिवशी निघतं त्याच दिवशी ते पाकिटावर लावून खास शिक्का मारून घ्यायचा, याला जमवणारे पहिल्या दिवसाचं पाकीट म्हणतात आणि डोळ्यांत तेल घालून जपतात. ती पोट सांभाळत मोठ्या टपाल कचेरीत गेली. रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईनं तिला आपल्या पुढे घेतलं, तिच्या पुढच्यानं आपल्या पुढे, असं करत करत ती चक्क खिडकीशी पोचली. शिक्का असा स्वच्छ उमटला की तिला स्वतःलाच बरं वाटलं.

पत्र तिनं पाकिटाच्या मापाच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, कागद आत चुरगळतो म्हणून. ‘बाबा, त्या दिवशी मी बोलले ते विसरा. चुकलं माझं. बाळ यायच्या आधी तुम्ही इकडे या. आलात तर समजेन की मला माफ केलंत. नाही आलात तर पुन्हा त्रास देणार नाही.’ बारा वेळा खोडून मग हे एवढं उरलं होतं.

तीन आठवड्यांनी बाबांचं पाकीट आलं. वर तिचं नाव, घड्याळाच्या काट्यासारखं बारीक आणि ताठ अक्षर. तिनं वरच्या तिकिटाकडे न पाहता उभ्या उभ्याच फोडलं. आत पुठ्ठा होता. या बाजूनं कोरा आणि त्या बाजूनंही कोरा.

तिनं तो उजेडात धरून पाहिला. नवरा म्हणाला, विसरले असतील, वय झालंय. ती म्हणाली, बाबा विसरत नाहीत. मी एवढं विचारलं आणि त्यांना यावर काही बोलायचंच नाही, एवढं कळवायला तिकीट खर्चलंय. पाकीट आणि पुठ्ठा, दोन्ही तिनं चहाच्या चोथ्यावर टाकलं आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं.

छोटी झाली. आत्यानं बाबांना कळवलं. आत्या सांगायची, दादा सारखा विचारतो, कुणासारखी दिसते म्हणून. ती म्हणायची, पाहायचं असेल तर रस्ता माहीत आहे त्यांना. आत्या शहाणी, हे वाक्य काही तिनं पुढे नेलं नसावं. छोटी पाच महिन्यांची असताना बाबा गेले, दुकानात, डोळ्याला भिंग लावून बसल्या बसल्या. समोरचं गिऱ्हाईक दहा मिनिटं उभं होतं. त्याला वाटलं, बारीक काम चाललंय.

तर त्या रविवारी ती ट्रंक आणि छोटी अशी दोन ओझी घेऊन वाचनालयापाशी आली. ट्रंक नवऱ्यानं वर आणून दिली आणि दुपारी येतो म्हणून तो गेला. तिनं येताना ठरवलं होतं, वह्या टेबलावर ठेवायच्या, पाया पडायचं, निघायचं. दहा मिनिटांचं काम.

कंपाउंडरकाकांनी तिचा हिशेब पहिल्याच मिनिटाला उलटवला. छोटीला पाहून ते म्हणाले, ही नवी सभासद का, वर्गणी बाकी आहे हिची. मग पक्षीवाल्या बाईंनी छोटीला उचलूनच नेलं. त्या एका शाळेत गणित शिकवत, गेली वीस वर्षं फक्त पक्ष्यांची तिकिटं जमवत आणि एखाद्या तिकिटावर पक्षी झाडाआड अर्धा दिसत असेल तर तोही चालवून घेत. छोटी त्यांच्या चष्म्याची दोरी तोंडात घालून एकदम गप्प झाली. तिच्या आईला आता निघायला निमित्तच उरलं नाही.

“फुकट कुणी घेणार नाही हं,” काका म्हणाले. “इथं कुणी भिकेला लागलेलं नाही. बस इथं. चिमटा धर.”

ती बसली. चिमटा बाबांचाच होता, ट्रंकेत वरच ठेवलेला. सगळे एकेक करून आले. बसकंडक्टर होते, त्यांना जहाजं लागत. आयुष्य रस्त्यावर गेलं, आता पाण्यावर जाऊ द्या, म्हणाले. तिनं जहाज काढून दिलं, त्यांच्याकडचं आगगाडीचं तिकीट त्या जागी लावलं. एक म्हातारे गृहस्थ नुसतेच अल्बम चाळत राहिले. त्यांना एक तिकीट तिरकं लावलेलं सापडेल अशी आशा होती, तीस वर्षांत एकदा तरी घड्याळजीची चूक धरायची होती. सापडली नाही. त्यांनी डोळे पुसले आणि एक तांबडं तिकीट मागितलं. प्रत्येकजण बाबांबद्दल काहीतरी बोलून जाई. ती मान हलवी. हा सगळा कुणा दुसऱ्याच्याच बाबांचा गौरव चाललाय, असं तिला वाटत होतं. एवढा गोड माणूस होता तर मुलीला दोन ओळी लिहायला काय झालं होतं?

सहावा अल्बम संपला. तिनं सातव्याला हात घातला, तेवढ्यात काकांनी त्यावर तळवा ठेवला.

“हा बदलीचा नाही. हा त्यानं कधी टेबलावर आणलाच नाही. आणला तर दाखवायला, आणि दाखवायला म्हणजे इतका की आम्हाला वीट आला. हा तुझाच आहे. बघ की.”

तिनं उघडला. पहिल्या पानावर तिच्या शाळकरी अक्षरातला बाबांचा पत्ता होता. ती हॉस्टेलवर राहायला गेली तेव्हापासूनची पाकिटं. पहिल्या दिवसाचं पाकीट मिळेल तेव्हा ती बाबांना पाठवायची. पानामागून पान. फूल, धरण, चंद्रावरचं यान. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं तारीख आणि एक ओळ. ‘मुलीकडून. परीक्षा चालू असताना.’ ‘मुलीकडून. शिक्का जरा फिका, हरकत नाही.’ ‘मुलीकडून. हिला ताप होता असं नंतर कळलं.’

“यातलं एकही त्यानं फोडलं नाही,” काका कौतुकानं म्हणाले. “आम्ही पातं घालून वरून अलगद कापतो तरी. हा तेवढंही करायचा नाही.”

फोडायचं नव्हतंच. त्या क्षणी तिला आठवलं. बाबांनीच तर शिकवलं होतं, ती निघाली त्या दिवशी, बसच्या खिडकीशी उभं राहून. आत काही लिहायचं नाही, शाईचा डाग वर फुटतो. मापाचा कोरा पुठ्ठा घालायचा, म्हणजे पाकीट मुडपत नाही. पत्ता तुझ्या हातचा आहे, एवढं पत्र मला पुरे. लिहायचं ते वेगळ्या पत्रात लिही, ते मी फोडेन. चार वर्षं तिनं असंच केलं होतं. मग नोकरी, लग्न, आईचं आजारपण, आणि लहानपणीच्या खेळासारखं ते कुठे सांडून गेलं ते तिला कळलंही नव्हतं. पुठ्ठा मापाचा कापायची हाताची सवय तेवढी राहिली होती.

तिनं पुढचं पान उलटायला नको होतं, पण उलटलं.

पूर्ण पानावर एकच पाकीट होतं. दीपगृह. चार कोपऱ्यांना चार कागदी खिसे, पाकिटाला गोंदाचा थेंबही लागू नये म्हणून. खाली पेन्सिलीनं तारीख आणि लिहिलेलं, ‘मुलीकडून. दीड वर्षानं. राग गेला.’

तिनं चिमटा खाली ठेवला.

काकांना तर आता धरबंदच राहिला नव्हता. ते सांगत होते, हे आलं त्या दिवशी घड्याळजी दुकान बंद करून माझ्याकडे आला. भर दुपारी. गेल्या तीस वर्षांत त्यानं सुट्टीच्या दिवसाशिवाय शटर ओढलं असेल तर शपथ. म्हणाला, बघ, पोरीनं पुन्हा पाकीट पाठवलं. रांगेत उभी राहिली असेल रे, अशा दिवसांत. मग म्हणाला, आता मलाही पाठवलं पाहिजे. पुढचं तिकीट निघेपर्यंत त्याला धीर नव्हता. ते निघालं त्या दिवशी आम्ही दोघं पहाटे पहिले जाऊन उभे. त्याचे गुडघे बोलत होते, पण बसेल तर शपथ. पुठ्ठासुद्धा त्यानं तीनदा कापला.

“मिळालं ना तुला ते?” काकांनी विचारलं.

“मिळालं,” ती म्हणाली.

“ठेवलंयस ना नीट?”

“हो.”

पक्षीवाल्या बाई छोटीला खिडकीशी घेऊन उभ्या होत्या आणि तारेवरचा कावळा दाखवत होत्या. छोटी खिदळली. तिनं तिकडे पाहिलं आणि पुन्हा पाकिटाकडे पाहिलं. एकेक कोपरा खिशातून सोडवून तिनं ते बाहेर काढलं. उलटं केलं. मागची घडी जशीच्या तशी चिकटलेली होती, तिनं जिभेनं ओली करून दाबली होती तशीच. एका जागी तिच्या अंगठ्याचा पुसट ठसाही होता.

बाबांनी पत्र वाचलंच नव्हतं.

ती चुकलं म्हणाली होती ते त्यांना कळलं नव्हतं. ती या म्हणाली होती तेही नाही. त्यांना एवढंच कळलं होतं की मुलीनं पूर्वीसारखं पाकीट पाठवलं. मग त्यांनीही पूर्वीसारखंच पाठवलं, आणि ते तिनं चोथ्यावर टाकलं होतं.

“मग आले का नाहीत?” तिच्या तोंडून निघून गेलं. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

काका जरा चपापले. खुर्ची ओढून जवळ बसले. आता ते हळू बोलत होते, दवाखान्यातल्या लोकांना येतं तसं. म्हणाले, मी किती वेळा सांगितलं त्याला, की जा. कपडेसुद्धा भरून ठेवले होते त्यानं एका पिशवीत. पण म्हणायचा, बोलावल्याशिवाय कसा जाऊ? पाकीट आलंय म्हणजे राग गेलाय, आता बोलावणंही येईल. न बोलावता गेलो आणि पुन्हा तिनं सगळ्यांसमोर काही म्हटलं तर मला सोसायचं नाही. त्या दवाखान्यात हात थरथरत होते म्हणून चिमटा धरून बसलो होतो, चिमटा धरला की ते थांबतात, हे तिला कसं सांगू? बोलावू दे, मग जाईन आणि सांगेन.

ती ऐकत होती. बोट पाकिटावर होतं आणि बोटाखाली पुठ्ठा लागत होता.

काकांचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. मग ते एकदम बोलायचे थांबले. इतका वेळ ज्या माणसाला थांबवायला कुणी हवं होतं, तो आपण होऊन थांबला.

“एकदा त्यानं मला विचारलं होतं,” काका म्हणाले. “पाकीट उजेडाला धरून बसला होता. म्हणाला, आत काही असेल का रे? मीच म्हटलं, वेडा की काय, पुठ्ठा असतो. फोडशील तर घडी फाटेल, मग दीड वर्षानं आलेलं पाकीट कशाला म्हणायचं. मीच म्हटलं. त्यानं ऐकलं माझं.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. हातातलं भिंग ते नुसतंच उघडत आणि मिटत होते. त्यांचं वय बाबांएवढंच, म्हणजे ज्या वयात माणसानं नवीन ओझं उचलू नये असं डॉक्टर सांगतात ते.

“पोरी,” ते म्हणाले, “आत पुठ्ठाच आहे ना? कोरा?”

हे पाकीट आत्ता फोडावं, त्यांच्यासमोर, बाबांच्या या सगळ्या माणसांसमोर मोठ्यानं वाचावं, म्हणजे निदान कुणीतरी ते ऐकलं असं होईल, असं तिला फार वाटलं. इतकं, की नख घडीच्या टोकाशी गेलंसुद्धा. एका माणसानं ऐकायला हवं होतं. तो एक माणूस इथं नव्हता. आणि जो होता, तो कोणतं उत्तर येतंय म्हणून श्वास धरून बसला होता.

“कोराच आहे काका,” ती म्हणाली. “आम्ही नेहमी कोराच घालायचो. मी बोलवायला फोन करणार होते. राहून गेलं, माझंच.”

काकांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांना पुन्हा रंग यायला लागला. राहून जातं, ते म्हणाले, बाळाचं करण्यात आईला कुठं सुचतं काही, तू मनाला लावून घेऊ नकोस. ते तिची समजूत घालत होते. मधेच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बाबा ठेवायचे तसा नव्हे, जरा जडच, औषध पाजताना मुलाचं डोकं धरतात तसा.

तिनं पाकीट परत चार खिशांत बसवलं. ते सरळ बसेना. तिचे हात थरथरत होते. तिनं चिमटा उचलला, घट्ट धरला आणि बसून राहिली, हात थांबायची वाट पाहत.

पक्षीवाल्या बाई छोटीला घेऊन आल्या. म्हणाल्या, भूक लागलीय वाटतं हिला, माझी दोरी खाऊन झाली. तिनं छोटीला घेतलं. पदरानं तिचं तोंड पुसलं. छोटीनं लगेच टेबलावरच्या वहीकडे झेप घेतली आणि काकांनी वही झटकन मागे ओढली.

“ए बाई, हात धुऊन आलीस का? इथं नियम आहेत,” काका म्हणाले. “आधी तू आजोबांसारखं चिमट्यानं धरायला शीक, मग ये.” त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता, आणि शेजारच्या टेबलावरची दोन-तीन माणसं हसली.

काका छोटीच्या डोक्यावरून तिच्या तोंडाकडे बघत होते. म्हणून तीही हसली.